विणून आटवलेली लोकरी टोपी : घेर आणि उंची एकाच प्रमाणात का आटत नाहीत?

मऊलोकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेली सहा-सात वर्षे मी लोकरीचे विणकाम करते आहे. स्वेटर, मोजे, मफलर, साध्या टोप्या हे सारे हातात बसलेले आहे. परंतु विणलेली वस्तू साबणाच्या गरम पाण्यात मुद्दाम आटवायची आणि टाके मिटून जाऊन तिचे नमद्यासारखे घट्ट कापड होईपर्यंत ती घोळवायची, हा प्रकार मी प्रथमच करून पाहिला. झालेली टोपी टाकून द्यावीशी वाटत नाही आणि घालताही येत नाही, म्हणून नेमके काय चुकले ते जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंमी आहे. करड्या रंगाची, एकपदरी, सैल पिळाची लोकर घेतली, ६ मिमीच्या गोल सुईवर ९६ टाके घातले आणि कडेपासून माथ्यापर्यंत सगळी टोपी सुलट विणीत, कुठेही शिवण न येऊ देता विणली. कडेच्या पहिल्या सहा फेऱ्या तेवढ्या पांढऱ्या लोकरीच्या घातल्या. माथ्यावर एक फेरी सोडून एक अशा दर फेरीत आठ ठिकाणी टाके कमी केले. विणून झाल्यावर मोजले तेव्हा १० सेंमीत १४ टाके आणि १८ फेऱ्या बसत होत्या, घेर ६८.५ सेंमी भरला आणि पांढरी पट्टी सोडून करड्या भागाची माथ्याच्या मध्यापर्यंतची लांबी २६ सेंमी होती. त्या वेळी टोपी डोक्यावर घातली की डोळेसुद्धा झाकले जात होते.

मग ती उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचे तोंड दोऱ्याने बांधले आणि जुन्या जीन्सच्या दोन पँटींबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात पूर्ण एक वेळ फिरवली. करडा भाग पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण बोट फिरवले तरी टाका लागत नाही इतके ते कापड दाट आणि मऊ झाले आहे. पण त्याचा घेर आता ५३ सेंमी आहे, म्हणजे टोपी कपाळाला रुतते, आणि लांबी अवघी १७ सेंमी उरली आहे, म्हणजे कानांच्या पाळ्या बाहेर राहतात. विणताना टोकदार दिसणारा माथा झाकणासारखा सपाट झाला आहे. पांढरी पट्टी तर जवळजवळ होती तशीच राहिली. तिचा टाका न् टाका मोजता येतो, घेर ६४ सेंमी आहे, आणि त्यामुळे टोपीला खाली झालर लावल्यासारखी दिसते. भरीला एका बाजूला पिळाची घडी अशी पक्की बसली आहे की ती ओल्या हाताने चोळूनही जात नाही.

माझे प्रश्न असे : घेर आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात का आटली? पांढरी लोकरही शंभर टक्के लोकरच असताना ती का आटली नाही? आणि या टोपीचे आता काही करता येईल का?

उलट_सुलट यांचे उत्तर

मऊलोकरताई, तुम्ही आटवण्याआधीची मापे लिहून ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे ही टोपीच आता तुमचा नमुन्याचा तुकडा झाली आहे. करड्या भागाचा घेर ६८.५ वरून ५३ वर आला, म्हणजे मूळच्या ०.७७ पट राहिला. लांबी २६ वरून १७ वर आली, म्हणजे ०.६५ पट राहिली. यात तुमचे काहीही चुकलेले नाही. सुलट विणीचे कापड आडवे जेवढे आटते त्यापेक्षा उभे जास्त आटते, आणि आटवून टोपी करणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे वेगवेगळे धरूनच हिशोब मांडावा लागतो. साध्या टोपीचा हिशोब घेऊन त्यात सगळीकडे सारखीच वाढ करायची, ही पहिल्या टोपीत जवळजवळ सर्वांची होणारी चूक आहे, आणि माझीही झाली होती.

आता याच लोकरीची, याच सुईवरची आणि याच पाण्यातली पुढची टोपी मांडून पाहू. साधी विणलेली टोपी ताणली जाते, म्हणून ती डोक्याच्या घेरापेक्षा तीन-चार सेंमी कमीच विणतात. आटवलेले कापड मात्र फारसे ताणले जात नाही, त्यामुळे तयार टोपीचा घेर डोक्याइतका किंवा किंचित अधिक हवा. तुमच्यासाठी तो ५७ सेंमी धरतो. ५७ ला ०.७७ ने भागले की ७४ येतात, म्हणजे विणून झालेल्या टोपीचा घेर ७४ सेंमी हवा, आणि सेंटिमीटरला १.४ टाके या हिशोबाने १०३ ते १०४ टाके होतात. आठने भाग जाणारी संख्या हवी असल्यामुळे १०४ घ्यावेत. उंचीचेही तसेच : कडेपासून माथ्याच्या मध्यापर्यंत २२ सेंमी हवे असतील, तर २२ भागिले ०.६५ म्हणजे सुमारे ३४ सेंमी, आणि सेंटिमीटरला १.८ फेऱ्या धरल्या तर ६१ फेऱ्या. यांपैकी २४ फेऱ्या माथ्यात जातील आणि ३७ बाजूला उरतील. म्हणजे घेरात तुमच्या ९६ टाक्यांत फक्त आठ टाक्यांची भर पडते. उंचीला मात्र भर बरीच लागते. विणलेली टोपी डोळ्यांवर येते म्हणून तुम्हाला ती लांब वाटली असेल, पण ती प्रत्यक्षात आखूडच होती.

सपाट माथ्याचे कोडेही याच दोन आकड्यांत आहे, आणि मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर्तुळ सपाट पडायचे असेल तर मध्याकडे एक सेंमी सरकल्यावर घेर सुमारे ६.३ सेंमीने कमी व्हायला हवा. तुम्ही दोन फेऱ्यांमागे आठ टाके कमी केलेत. विणलेल्या कापडात दोन फेऱ्या म्हणजे १.१ सेंमी आणि आठ टाके म्हणजे ५.७ सेंमी, सपाट पडण्यासाठी तिथे जवळजवळ ७ सेंमी कमी व्हायला हवे होते, ते झाले नाहीत, म्हणून माथा टोकदार दिसला. आटवल्यावर त्याच दोन फेऱ्या ०.७२ सेंमी झाल्या आणि आठ टाके ४.४ सेंमी झाले. आता ०.७२ ला ६.३ ने गुणून पाहा : साडेचार येतात. घट आणि गरज जवळजवळ जुळली आणि माथा आपोआप सपाट बसला. याचा अर्थ असा की आटवायच्या टोपीचा माथा सुईवर असताना डोळ्यांना जो दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नये. गोल घुमट हवा असेल तर पहिल्या चार घटी (म्हणजे आठ-आठ टाके कमी करणे) दर तिसऱ्या फेरीत, पुढच्या पाच दर दुसऱ्या फेरीत आणि शेवटच्या तीन लागोपाठ कराव्यात. सुईवर असताना असा माथा लांबट दिसतो, पण आटल्यावर तोच डोक्याच्या आकाराला येतो.

दुसरी लोकर घेतलीत की हे आकडे बदलतील, अगदी त्याच कंपनीचा वेगळा रंग घेतला तरी बदलू शकतील. म्हणून प्रत्येक नव्या लोकरीचा निदान २० सेंमी लांब-रुंद तुकडा विणावा, मधोमध १० सेंमीचा चौकोन मोजावा आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर सुती दोऱ्याची गाठ मारावी. सुती दोरा आटत नाही आणि लोकरीत मिसळूनही जात नाही, त्यामुळे टाके पूर्ण मिटल्यावरही चारही खुणा जागेवर सापडतात आणि त्यांच्यामधले अंतर मोजले की दोन्ही प्रमाणे हातात येतात. तुकडा फार लहान घेतला तर तो कडांनी वळतो आणि माप फसवे येते. सुया पालटत प्रत्येक ओळ सुलटच विणतात त्या गार्टर विणीत टाके आधीच उभ्या दिशेने दाटलेले असतात, तिथे उंचीची घट त्या मानाने कमी दिसते, म्हणून वीण बदलली तरी नवा तुकडा करावाच लागतो.

लडी_गुंडा यांचे उत्तर

उलट_सुलट यांनी मापाचे उत्तम सांगितले आहे, त्यामुळे मी फक्त पांढऱ्या पट्टीबद्दल लिहिते.

लोकर आटते ती मुख्यतः तिच्या तंतूच्या पृष्ठभागामुळे. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिशय बारीक खवले असतात आणि त्या सर्वांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, पण उलट सरकताना खवले अडतात. ओलाव्याने आणि उष्णतेने तंतू फुगून लवचीक होतात, साबणामुळे ते एकमेकांवरून निसटू लागतात, आणि त्यात सतत हलवाहलव, चोळणे किंवा आपटणे सुरू झाले की प्रत्येक तंतू एकाच दिशेने थोडा थोडा पुढे जातो आणि परत येऊ शकत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत शिरले की जे कापड होते तेच फेल्ट. गरम पाणी एकटे हे काम करत नाही. लोकर गरम पाण्यात न हलवता भिजत ठेवली तर ती फारशी आटत नाही. हालचाल मिळाली की मात्र कोमट पाण्यातसुद्धा आटते, आणि म्हणूनच स्वेटर धुताना तो चोळू नये असे आपल्याला सांगितलेले असते.

आता पांढऱ्या लोकरीकडे येऊ. पहिली शक्यता अशी की ती मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर आहे, जिला सुपरवॉश म्हणतात. यात सहसा क्लोरीनच्या प्रक्रियेने खवल्यांच्या कडा झिजवतात आणि वर राळेसारखा अगदी पातळ थर बसवतात. तंतू शंभर टक्के लोकरीचाच राहतो, वेष्टनावर तसे लिहिलेलेही असते, आणि त्यात खोटे काही नसते; फक्त त्याचे अडणारे खवले उरलेले नसतात. दुसरी शक्यता अशी की ती लोकर प्रक्रिया न केलेलीच आहे, पण शुभ्र पांढरी करण्यासाठी तिला ब्लीच केले आहे. ब्लीचमुळेही तंतूच्या पृष्ठभागाला इजा होते, आणि म्हणूनच शुभ्र पांढऱ्या आणि काही अतिशय फिकट रंगांच्या लोकरी आटण्यात मागे राहतात, त्याच मालिकेतील गडद रंग मात्र झटकन आटतात. मेंढीच्या अंगच्या साईच्या रंगाची, न रंगवलेली लोकर घेतलीत तर सहसा ही अडचण येत नाही. मी एकदा शुभ्र पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांचे हातमोजे आटवायला घेतले होते. निळ्या पट्ट्या आत ओढल्या गेल्या, पांढऱ्या फुगून बाहेर आल्या, आणि बोटांच्या जागी मणी ओवल्यासारखे दिसू लागले. तेव्हापासून मी कोणतीही लोकर विणायला घेण्याआधी तपासते.

तपासणी सोपी आहे. लोकरीचा वीतभर धागा हाताने तोडा, कात्रीने कापू नका. दोन्ही टोके उकलून पिंजून घ्या, एकमेकांवर दोन-तीन इंच ठेवा, कोमट पाण्याचे आणि साबणाचे थेंब लावा आणि दोन तळव्यांमध्ये मिनिटभर जोराने वळा. जोड घट्ट बसला आणि ओढल्यावर सुटला नाही, तर ती लोकर आटणार. टोके निसटून पुन्हा वेगळी झाली, तर आटवण्यासाठी ती लोकर घेऊ नये. वेष्टन हरवलेल्या लोकरीत कृत्रिम धागा आहे का, अशी शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा : लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरडते, अॅक्रिलिक मात्र वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. हे करताना खाली धातूचे भांडे आणि जवळ पाणी ठेवावे.

एक सूचना रंगाचीही. गडद लाल, काळा किंवा गडद निळा रंग गरम पाण्यात सुटतो. अशा रंगाशेजारी फिकट रंग विणायचा असेल तर दोन्हींचा मिळून एक तुकडा आधी आटवून पाहावा, कारण टोपी आटल्यावर घट्ट कापडात शिरलेला रंग निघत नाही.

मऊलोकर यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. धाग्याची टोके वळून जोडण्याची तपासणी लगेच केली. करड्या लोकरीचा जोड इतका पक्का बसला की ओढल्यावर धागा दुसरीकडे तुटला. पांढऱ्याची टोके पाच मिनिटे वळूनही सुटत राहिली. वेष्टन शोधले, त्यावर मशीनमध्ये धुण्याची खूण आहे. विकत घेताना मी ती खूण सोय म्हणून पाहिली होती.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मशीनऐवजी हाताने आटवले तर आकारावर अधिक ताबा राहतो का? आणि या टोपीचा करडा भाग मला इतका आवडला आहे की तो वाया जाऊ देण्याची माझी इच्छा नाही. त्याचे काय करावे?

नमदेकरी यांचे उत्तर

मी मुख्यतः हातानेच आटवतो, म्हणून माझे मत त्या बाजूचे असणार, हे आधीच सांगतो.

मशीन वाईट नाही. पिशव्या, बटवे, जाड चपला अशा ज्या वस्तूंना दोन सेंमी इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही, त्यांना मशीनच बरे. अभ्र्यात घालून आणि जीन्सबरोबर फिरवणे हेही बरोबर केलेत. अभ्र्यामुळे सुटलेले तंतू पंपात जाऊन अडकत नाहीत आणि जीन्समुळे घासण मिळते. टॉवेल मात्र टाकू नये, त्याचा तंतू लोकरीत कायमचा मिसळतो. तुमची चूक झाली ती पूर्ण एक वेळ फिरवण्यात. टोपी दर पाच मिनिटांनी बाहेर काढून मोजावी लागते, आणि समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये ते जमत नाही. शिवाय शेवटचे पिळणे जोरात झाले की ओले, अर्धवट आटलेले कापड दुमडलेल्या अवस्थेतच घट्ट होते. तुमची घडी तिथे बसली. पिळणे बंद ठेवून टोपी टॉवेलमध्ये गुंडाळून हाताने दाबावी.

हाताने करायचे तर दोन टब घ्यावेत, एकात हाताला सोसेल इतके गरम पाणी आणि थोडा साबण, दुसऱ्यात गार पाणी, आणि हातात रबरी मोजे. सुरुवातीची दहा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. टोपी उलट लांबते, ओघळते, आणि नवखा माणूस इथेच घाबरतो. मग कधीतरी तळहाताला कापडाचा पोत बदललेला जाणवतो : आतापर्यंत बोटांखाली सुटे टाके सरकत होते, आता सगळे कापड एकसंध सरकू लागते आणि दाबल्यावर त्यातून पाणी जाड स्पंजसारखे निघते. या क्षणापासून आटण्याचा वेग वाढतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी मोजपट्टी लावावी लागते. कापड ज्या दिशेने चोळावे किंवा लाटावे, त्या दिशेने ते अधिक आटते. घेर कमी करायचा असेल तर टोपी आडवी चोळावी, उंची कमी करायची असेल तर उभी. मशीनला हा विवेक नसतो, आणि म्हणून डोक्यावर नेमकी बसायला हवी अशी वस्तू मी हातानेच करतो.

विणलेली वस्तू आटवण्याला काटेकोर भाषेत फुलिंग म्हणतात आणि फेल्टिंग हा शब्द न विणलेल्या, सुट्या लोकरीपासून नमदा करण्यासाठी आहे. बोलताना दोन्हींना फेल्टिंगच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. ही कला नवी नाही. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरची प्रसिद्ध बास्क बेरे टोपी आधी विणली जाते आणि मगच आटवली जाते, म्हणून तिच्यावर शिवण दिसत नाही. इंग्लंडमध्ये तर १५७१ साली एक कायदाच झाला होता : उच्चकुलीन वगळता सहा वर्षांवरील सर्वांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरीची विणलेली टोपी घालावी. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा टिकावा हा त्यामागचा हेतू होता. कायदा १५९७ साली रद्द झाला. त्या काळच्या टोप्या विणून, आटवून, वरची लव उभी करून कातरल्या जात. तुमच्या करड्या टोपीवरही वाळल्यानंतर मऊ ब्रश फिरवून, लांब आलेले तंतू कात्रीने सपाट केलेत तर पोत अधिक देखणा होईल.

आता तुमची टोपी. पूर्ण आटलेल्या कापडाचे टाके सुटत नाहीत, ते कात्रीने कापता येते, हा या कलेतला मोठा दिलासा आहे. परंतु पांढऱ्या पट्टीचे टाके सुटतील. म्हणून कात्री पांढऱ्यात लावू नका. पांढरे आणि करडे जिथे मिळतात त्याच्या अर्धा सेंमी वर, करड्या भागात, सगळीकडून सरळ कापा. मग उरलेली टोपी कोमट पाण्यात पूर्ण भिजवा आणि ५७ सेंमी घेराच्या एखाद्या पालथ्या पातेल्यावर चढवा. पातेल्याचा घेर कमी पडला तर वर टॉवेल गुंडाळून माप पुरे करा आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी ओढा, म्हणजे टोपी सरकवता येईल. आटलेले कापड एकदम ओढू नका. दोन्ही अंगठे आतून लावून, टोपी थोडी थोडी फिरवत, सगळीकडून सारखे ताणत जा. ५३ चे ५६ करणे म्हणजे सहा टक्क्यांहून कमी ताण आहे, तेवढा ओले कापड देईल असे मला वाटते. घडीच्या जागी आतून वाफेची इस्त्री दाखवा, कापडाला टेकवू नका, आणि ओलसर असतानाच ती जागा अंगठ्याने दाबून सपाट करा. टोपी त्याच साच्यावर पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. अर्धवट ओली उतरवली तर ती पुन्हा आत ओढली जाते. जाड कापडाला वाळायला दोन दिवसही लागतात. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घातले तर साबणाचा अंश निघून जातो आणि लोकर मऊ राहते.

उंची यानंतरही १६ सेंमीच्या आसपासच राहील. ती वाढवण्यासाठी मला एक मार्ग सुचतो, आणि त्यात तुमची तीच पांढरी लोकर उपयोगी पडेल. कापलेल्या कडेला बोथट सुईने सारख्या अंतरावर ब्लँकेट टाका (कडेवर दोरा अडकवत जाणारा टाका) घाला, जाड कापडात सुई जात नसेल तर आधी आरीने भोके पाडून घ्या. मग क्रोशाच्या सुईने त्या टाक्यांमधून पांढऱ्या लोकरीचे टाके उचला आणि बारीक सुईवर दोन सुलट दोन उलट अशी सहा सेंमीची पट्टी खाली विणा. ती आटणारी लोकर नाही, म्हणून पुढे टोपी धुतली तरी पट्टी आहे तशीच राहील, आणि दोन सुलट दोन उलट विणीला ताण असल्यामुळे टोपी कानांवर नीट बसेल.

सुईदोरा यांचे उत्तर

नमदेकरींचा उपाय मला पटला, पण साच्यावर ताणताना एखादी जागा पातळ झाली तर घाबरू नका, एवढे सांगण्यासाठी लिहिते. अशी जागा फेल्टिंगच्या सुईने भरता येते. या सुईच्या टोकाजवळ उलट दिशेच्या बारीक खाचा असतात आणि त्या सुटे तंतू कापडात ढकलतात. पाणी लागत नाही. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक, त्यामुळे भरावासाठी ३६ किंवा ३८ आणि शेवटी पृष्ठभाग सारखा करण्यासाठी ४० क्रमांकाची घ्यावी. टोपीच्या आत जाड फोमचा तुकडा धरावा, त्याच करड्या लोकरीचे पिंजलेले तंतू पातळ जागेवर ठेवावेत आणि सुई सरळ आत घालून सरळच बाहेर काढावी. ती आत असताना तिरकी केली की तुटते, आणि तुटलेले टोक टोपीत राहिले तर डोक्याला इजा होईल, म्हणून टोक सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये. याच पद्धतीने टोपीला बाजूला एखादे पान किंवा फूलही लावता येते, दोऱ्याचा एक टाकाही दिसत नाही.

मऊलोकर यांचे उत्तर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

कात्री लावताना हात थरथरला, पण कापलेल्या कडेचा एकही तंतू सुटला नाही, हे पाहून धीर आला. भिजवून ताणल्यावर घेर ५६ सेंमीपर्यंत आला, त्यापुढे कापड सरकेना, म्हणून तिथेच थांबले. घडी पूर्ण गेलेली नाही; बोट फिरवले तर जाणवते, दिसत मात्र नाही. वाळायला अडीच दिवस लागले. कडेला ८८ टाके उचलले, ४ मिमीच्या सुईवर पांढऱ्या लोकरीची सहा सेंमी पट्टी विणली, आणि टोपी आता कानांखालपर्यंत येते. माथ्याजवळ एक जागा पातळ वाटत होती, ती ३८ क्रमांकाच्या सुईने भरली.

दरम्यान दुसरी टोपी १०४ टाक्यांवर, त्याच करड्या लोकरीची, घुमटाच्या माथ्याने विणून काल हाताने आटवली. पोत बदलल्याचा तो क्षण माझ्याकडे बाविसाव्या मिनिटाला आला, आणि खरोखरच तळहाताला तो डोळ्यांच्या आधी कळला. त्यानंतर आठ मिनिटांत घेर ५७ वर आला म्हणून गार पाण्यात घातली. उंची २३ भरली, हिशोबापेक्षा एक सेंमी जास्त, कारण मी आडवी चोळण्यावर जास्त भर दिला असावा. टोपी आत्ता पालथ्या पातेल्यावर वाळते आहे. उरलेल्या लोकरीत हातमोजे होतील असे दिसते. त्यांच्या अंगठ्याचे प्रमाण कसे धरावे, हे तुकडा आटवून झाल्यावर मापांसह येथेच विचारीन.